बंद इंजिनाचा आवाज

सोलापुरात माझी फटफटी दुरुस्त करणारा मिस्त्री चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मध्ये कुणी बोललं की खेकसायचा, ‘गप बसा की!’

आणीबाणी उठली त्या वर्षी त्याने पाइप आणि कापडाचं एका माणसापुरतं विमान बांधलं. त्याला जुन्या मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन लावलं. टू-स्ट्रोक हलकं पडलं असतं, असं मी म्हणालो.

‘हलकं हाय, पण तापलं की जाम हुतंय. हे जड हाय, पण दमानं चालतंय, मास्तर.’

वळसंगच्या माळावर तो तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा मी बघायला गेलो होतो. विमान झाडांच्या वर गेलं आणि इंजिनाचा आवाज एकदम थांबला. विमान डगमगत खाली आलं, ढेकळांत आपटलं आणि उभं राहिलं.

मी धावत गेलो. ‘इंजिन बंद पडलं?’

‘पडलं न्हाय, मीच बंद केलं. कवातरी पडणारच की. तवा काय हुतंय, ते आजच बघितलं.’

मी त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं.

‘गप बसा की,’ तो म्हणाला आणि त्या बंद इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याने डोळे मिटले. बंद इंजिनात ऐकायला काही नव्हतं, तरी स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याने बराच वेळ कानापासून काढली नाही.