शिक्क्याच्या सुट्या फळ्या

बंगळूरजवळ होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत गोजराबाईंचं लाकडाचं आवार आहे. परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी पेट्या बनवायच्या, हा त्यांचा धंदा. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता आवार विकून घरी बसणार. बाईंनी पदर खोचला, आणि जे सुतार सुरुवातीला गालात हसत होते त्यांनाच महिन्याभरात बाई फळी तिरकी कापली म्हणून ऐकवायला लागल्या. त्याला आता एकवीस वर्षं झाली. घराणं बंगळूरचंच, किती पिढ्यांचं ते कुणी मोजलेलं नाही. घरात मराठी, आवारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही.

या धंद्यात लाकडापेक्षा शिक्का मोठा. फळ्या भट्टीत तापवून आतली कीड मारायची, पेटी तयार करायची आणि तिच्यावर आवाराचा सरकारी नंबर डागायचा. तो नसेल तर परदेशी बंदर पेटी उतरवूनच घेत नाही. शिक्का गेला म्हणजे धंदा गेला, आणि गोजराबाईंच्या शिक्क्यावर अकरा घरांच्या चुली पेटत होत्या.

एके सकाळी अजित आवारात आला तो पांढराफटक पडलेला. हा अजित दहा वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, दोन गल्ल्या सोडून पाण्याचे पंप बनवतो.

"अक्का, महिन्यापूर्वी माझ्या मालाचं जहाज नेव्हीने अडवलं. मला परवा कळलं."

"का रे? पंपांनी काय कुणाचं घोडं मारलं?"

"पंप ठीक आहेत हो. पाच पेट्यांना खोटा तळ निघाला. त्याखाली ड्रोनची इंजिनं. आणि त्या तळाच्या फळ्यांवर तुमचा शिक्का आहे."

गोजराबाईंनी हातातला हातोडा खाली ठेवला.

पश्चिमेकडच्या समुद्रात वर्षभर युद्ध चाललं होतं. लढणाऱ्यांना चोरून शस्त्रं पोहोचू नयेत म्हणून गस्तीची जहाजं येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी थांबवत, संशय आला की कंटेनर उघडत. अजितचा माल वाटेत एका परदेशी बंदरात बोट बदलून पुढे निघाला होता. तिथून दोन दिवसांवर तो पकडला गेला. इंजिनं जप्त झाली आणि पेट्या चौकशीसाठी परत फिरून व्हाइटफील्डच्या कंटेनर डेपोत आल्या. चौकशीवाल्यांचा हिशेब सरळ होता. शिक्का होसकोट्याचा, म्हणजे तळ होसकोट्यात बसवला. म्हणजे अजितला ठाऊक होतं.

"माझं लायसन्स होल्डवर टाकलंय," अजित म्हणाला. "वकील म्हणतो, अटकसुद्धा होऊ शकते. उद्या डेपोत बोलावलंय. तुम्हालाही."

दुसऱ्या दिवशी गोजराबाईंना त्यांची मुलगी रक्षिता स्कूटरवरून डेपोत घेऊन गेली. तिथे कस्टमचे अधिकारी होते हयवदन. चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं हळू आणि कन्नडात.

"अम्मा, ही पेटी तुमची?"

बाई पेटीत उतरल्या, गुडघे टेकले, टॉर्च मागून घेतला आणि तळावरून बोटं फिरवत राहिल्या. अजित बाहेर उभा राहून नखं खात होता.

"बाजू माझ्या," त्या म्हणाल्या. "हा वरचा तळ माझा नाही. माझी पेटी पाच फुटांची, तळाला मी अख्खी पाच फुटी फळी घालते. इथे अडीच-अडीच फुटांचे तुकडे मधोमध जोडलेत. आणि हे खिळे मशीनने मारलेत. माझ्याकडे मशीन नाही. आहेत ते सुतार, आणि तेही चहा मिळाल्याशिवाय चालत नाहीत."

एक शिपाई हसला. हयवदन हसले नाहीत. "मग या तुकड्यांवर तुमचा शिक्का कसा?"

अडीच फुटी फळ्या गोजराबाईंनी ओळखल्या होत्या.

"जरा कॉफी घेऊन येते," त्या म्हणाल्या.

फाटकाबाहेरच्या कॉफीच्या गाडीवर त्यांनी रक्षिताला सगळं सांगितलं. अजितचा माल बोटीवर चढवून देणारा एजंट गुंडो चार महिन्यांपूर्वी आला होता. 'अक्का, वाटेत पेटी फुटली तर परदेशात मी शिक्क्याची फळी कुठून आणू? स्वल्प सुट्या द्या की.' बाईंनी अडीच फुटी साठ फळ्या डागून दिल्या. नियम असा की शिक्का तयार पेटीवरच मारायचा, सुट्या फळीवर कधीच नाही. पण पेटीवाले ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन-चार देतातच. गुंडोने साठ मागितल्या तेव्हा त्यांनी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

"आई, तू खिळ्यांचं सांगितलंस, पुष्कळ झालं," रक्षिता म्हणाली. "आता गप्प बस. म्हण, शिक्का कुणीतरी खोटा बनवला."

"मी डागलेला शिक्का मीच खोटा म्हणू?"

"मग काय, खरा काढून घेऊ देणार? आणि अकरा माणसं?"

गोजराबाईंनी कप खाली ठेवला. कॉफी तशीच होती. "अकराजणांना मी काहीतरी काम शोधीन. पण तो पोरगा माझ्या फळीपायी आत गेला, तर त्याला बाहेर काढायला माझ्याकडे काय आहे सांग."

रक्षिताने आईच्या पदरावरचा लाकडाचा भुसा झटकला.

आत येऊन बाईंनी हयवदनांना जसंच्या तसं सांगितलं. अजित "अक्का, अहो थांबा" म्हणत मध्ये पडला, तर त्यालाच दटावलं, "तू गप रे, मोठी माणसं बोलताहेत."

"हे लिहून घेतलं तर नुकसान तुमचं आहे," हयवदन म्हणाले.

"ठाऊक आहे. लिहा. फक्त सावकाश लिहा, मला वाचून सही करायचीय."

"पण याने अजितसाहेब सुटत नाहीत, अम्मा. फळ्या तुम्ही दिल्यात. तळ इथेच बसवला नाही कशावरून?"

गोजराबाईंनी पेटीकडे बोट दाखवलं. "एका तळाला बारा फळ्या. पाच पेट्यांच्या साठ. सगळ्या मोजा."

मोजल्या. शिक्क्याच्या अठ्ठावन्न भरल्या. उरलेल्या दोन शेवटच्या पेटीत कोपऱ्यात होत्या. बिनशिक्क्याच्या, वरून तपकिरी रंग फासलेल्या. बाईंनी किल्लीने एकीचा रंग खरवडला आणि ती फळी नाकाशी नेली.

"हे लाकूड मी आयुष्यात कापलेलं नाही. त्यांच्या हातून दोन फळ्या मोडल्या असणार, म्हणून मिळेल ती घातली. साहेब, तळ माझ्या आवाराजवळ बसवला असता तर दोन फळ्यांसाठी रंग कशाला फासायचा? हाक मारली असती की मीच डागून दिल्या असत्या. मूर्ख मी होतेच!"

हयवदनांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ती फळी उलटीपालटी करून पाहिली. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्या दोन फळ्या वेगळ्या बांधून लाकूड तपासायला पाठवल्या.

महिन्याभराने अहवाल आला. ते झाड आपल्या देशात होतच नाही. तळ वाटेतल्या बंदरातल्या कुठल्यातरी गोदामात बसवला होता. अजितचं लायसन्स मोकळं झालं. गुंडोचा फोन बंद होता, पण त्याला शोधायला आता दुसरी माणसं होती. गोजराबाईंनाही पत्र आलं. सुट्या फळ्या दिल्याबद्दल शिक्का सहा महिने स्थगित, पुन्हा असं झाल्यास कायमचा रद्द. रक्षिताने ते दोनदा वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "सहा महिने म्हणजे जन्मठेप नव्हे. मला वाटलं होतं, कायमचाच गेला."

सुतार भट्टीपाशी बसले होते. कुणी घरी जायला उठत नव्हतं, कामही नव्हतं. तेवढ्यात अजितची गाडी फाटकात शिरली.

"अक्का, कोइमतूरला नव्वद पंप पाठवायचेत. देशातल्या मालाला शिक्का लागत नाही."

"उपकार फेडायला आलास?"

"छे हो. दुसऱ्याकडच्या पेट्या सेलमच्या पुढे जाईपर्यंत खिळखिळ्या होतात. आणि तुमच्यापेक्षा महाग!"

"महाग? मग आधीपासूनच तुला स्वस्तात देत होते म्हण की." गोजराबाईंनी सुतारांकडे वळून कन्नडात आवाज दिला, तसे ते कपडे झटकत उठले. मग त्या अजितला म्हणाल्या, "मापं आणलीस, की तोंड घेऊनच आलास?"

अजितने खिशातून कागद काढला.