मागच्या चाकाचा ताप

आमच्या भागात गाडी पेट्रोल जास्त खायला लागली की त्याची कारणं दोनच असतात. पुरुष चालवत असेल तर पेट्रोल खराब, आणि बाई चालवत असेल तर बाई खराब. हे मी रागानं लिहिते आहे. राग लपवून लिहायचा आता कंटाळा आला.

मी आरोग्यसेविका आहे. सानगडीच्या आसपासची काही खेडी माझ्याकडे आहेत. लहान मुलांची लस, गरोदर बाया, तापाचे रुग्ण, हेच माझं काम. गाव मला नर्सबाई म्हणतं. माझा नवरा हायस्कूलात शिकवतो, त्याला गाव सर म्हणतं, आणि हळूहळू घरातही तेच नाव पडलं. सर बोलले की विषय संपतो. शाळेत मुलं गप्प बसतात, घरी आम्ही.

गाडी माझ्या बाबांची. आम्ही ढिवर. बाबांचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला, आणि जरा हात मोकळा झाला तेव्हा त्यांनी ही छोटी पांढरी गाडी जुनीच घेतली. जवाहरनगरच्या फॅक्टरीतले एक बाबू रिटायर होऊन क्वार्टर सोडत होते, त्यांची ती गाडी. मागची सीट काढून बाबा तिच्यात बर्फाचे डबे ठेवत आणि मासळी भंडाऱ्याच्या बाजारात नेत. त्या गाडीवरच त्यांनी मला शिकवलं, आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच भरावावर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, मध्ये गाडीपुरती वाट. त्या काळी आमच्यातल्या पोरी सायकलही चालवायच्या तर लोक वळून पाहायचे.

आमचं घर पाळीच्या पायथ्याशी, म्हणून गाडी नेहमी पाळीच्या उतारावरच उभी राहायची, आणि उताराला लागूनच पाणी. बाबा हँडब्रेक कर्रकन शेवटच्या दातापर्यंत ओढत, आणि एवढ्यानं समाधान नाही म्हणून खाली उतरून चाकाखाली दगडही लावत. "गाडीले पाय नाहीत बेटा, पर उताराले हायेत," असं ते म्हणत. तोच दगड, तीच जागा, रोज. मलाही तीच सवय लागली. सपाट अंगणातही मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढायची.

बाबा गेले. मला भाऊ नाही. तेराव्यानंतर आईनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तूच ने. इतं राहिली तं गंजून जाईन. आन् येत जाय." त्यातलं 'येत जाय' हे खरं. आईच्या गावाला एसटी शाळेच्या वेळेपुरती जाते, म्हणजे रविवारी जातच नाही. आणि माझी सुट्टी रविवारची. गाडी असली तर आई, नसली तर फोन.

सासरच्यांना ती गाडी कधी आवडली नाही. सासर आमच्यातलंच, पण दोन पिढ्यांपूर्वी जाळं सोडून नोकरीला लागलेलं, त्यामुळे मासळीचा वास त्यांना आमच्यापेक्षा जास्त येतो. सीट परत बसवली, आतून धुतली, लिंबू फिरवलं, कापूर ठेवला. तरी सासूबाई बसताना पदर नाकाला लावतच.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत राहिला. अंगणात गाडी ओलीच उभी असायची. धान पिवळं पडायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेट्रोल पुरत नाही. एका बाजाराच्या दिवशी टाकी भरली की पुढच्या बाजारापर्यंत जायची. आता मध्येच काटा खाली लोळायला लागला. मीच ते सरांना सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"क्लचवर पाय ठेवूनच चालवते तू," सर म्हणाले. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"नाही ठेवत."

"बायांले ती सवयच राहते. कळत नाही त्यांना."

मग मी मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजमधून प्लग बदलून आणले, एअर फिल्टर साफ केला, टायरमध्ये हवा भरली. काटा तसाच. सर शेजारी बसून येऊ लागले. रस्त्याकडे बघत नसत, माझ्या पायाकडे बघत. चार माणसांत सांगत, "हिच्या हातात गाडी ॲव्हरेजच देत नाही." ते चार जण हसत. त्याच चौघांच्या गाड्याही त्या वर्षी जास्त पीत होत्या, पण त्यांच्यासाठी कारण तयार होतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, पंपवाला चोर आहे, रस्ता खराब आहे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मुलांच्या बाबतीत ऐकलं होतं, पेट्रोलच्या बाबतीतही खरं निघालं.

सासूबाईंनी त्यांचं निदान सांगितलं. "बापाची गाडी लेकीले लाभत नाही." त्यावर औषध काय, तर विकून टाकणं. सर म्हणाले, "दिवाळी झाली की काढून टाकू. पेट्रोलच्या खर्चात तुला बसनं जाता येते." ड्युटीवर बसनं जाता आलं असतं, उशिरा का होईना. रविवारचं काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचत होतं, पण मी बोलले की पुन्हा माझ्या पायावरच गाडी यायची.

सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते पटू लागलं होतं. गाडी जराशी डावीकडे ओढते असं मला जाणवायचं, पण मी म्हणायची, माझाच हात सैल पडत असेल. उतरल्यावर काहीतरी जळल्यासारखा वास यायचा, मी म्हणायची, शेतात कुणी पेटवलं असेल. रोज पन्नास लोकांनी सांगितलं की माणूस आपल्याच पायाला चोर समजायला लागतो.

मग एका रविवारी मी आईकडे गेले. आई पाळीवरच उभी होती, डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन, एका हातानं मान सावरत. तिचं वय भारा उचलायचं नाही. मी गाडी तिथंच उतारावर थांबवली, बंद केली, आणि तशीच धावत जाऊन भारा उतरवला. बोलत बोलत आम्ही घरापर्यंत आलो. दारात पोचल्यावर आई थबकली.

"दगड लावला व?"

दगड लावला नव्हता. हँडब्रेकही ओढला नव्हता. गाडी गिअरमध्येही नव्हती. मी पदर खोचून पळाले. पळताना डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, बाबांची गाडी पाण्यात आणि वर बुडबुडे.

गाडी जागच्या जागी उभी होती.

आधी मी देवाचे आभार मानले. मग मला कसंतरी वाटलं. त्या उतारावरून ती जायलाच हवी होती. बाबा आयुष्यभर ज्याला भीत आले ते घडायला हवं होतं. मी आत वाकून पाहिलं, हँडब्रेकचा दांडा पूर्ण खाली. मागं जाऊन दोन्ही हातांनी ढकललं. नाही. पाठ लावून ढकललं. तरी नाही. गाडीनं कुठंतरी दात रोवून ठेवले होते.

आता मी माझं काम केलं. पोराच्या कपाळाला लावते तसा हात उलटा करून एकेका चाकाला लावला. पुढची दोन्ही कोमट. मागचं उजवं साधं. मागचं डावं हाताला चटका देत होतं, आणि तोच जळका वास, ज्याचं खापर मी शेतकऱ्यांवर फोडत होते. सोडलेला ब्रेक सुटत नव्हता. पावसात केबल गंजली असेल, आत काही चिकटलं असेल. रोज मी ते चाक फरपटत नेत होते आणि त्यासाठी पेट्रोल जळत होतं. माझा पाय नव्हता.

मी तिथंच पाळीवर बसून हसले आणि मग रडले. आई घाबरून वर आली. "काहून रडून राहिली व? काय झालं?"

"काही नाही, आई. चाकाला ताप आला."

"तं मंग रडतं काऊन? औषध देय त्याले," आई म्हणाली.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं. सगळं नीट, क्रमानं, रुग्णाचं सांगतात तसं. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाले. पण विकायची असेल तरी चालू हालतीत विकावी लागते, म्हणून पुढच्या सुट्टीत गॅरेजला न्यायला तयार झाले. मीही गेले. मिस्त्रीनं मला खुर्ची दिली आणि सरांना विचारलं, "काय प्रॉब्लेम हाय सर?"

मी म्हटलं, "मागचं डावं चाक जाम आहे. हँडब्रेक सुटत नाही."

मिस्त्री सरांकडेच बघत राहिला. सर म्हणाले, "बघ जरा, ॲव्हरेज देत नाही." मग त्यानं इकडं तिकडं बॉनेटखाली पाहिलं, आणि शेवटी जॅक लावून मागचं डावं चाक उचललं. हातानं फिरवलं. फिरेना. उजवं उचललं, ते भिंगरीसारखं फिरलं. मी खुर्चीवर सरळ बसले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं की आता हे दोघं माझ्याकडे वळतील.

ते वळले, हे खरं. मिस्त्री म्हणाला, "हँडब्रेक लय ओढून ठेवता काय मॅडम? पावसाच्या दिवसांत ओढून ठेवला का धरून बसते तो."

सर हसले. "सांगत होतो ना मी," ते मिस्त्रीला म्हणाले, "हिच्या हातात..."

पुढचं मी ऐकलं नाही. रोग सापडला होता, पण गुन्हेगार तोच राहिला. पायावरून उठून तो आळ हातावर बसला, एवढाच फरक.

केबल नवी पडली, ब्रेकचा ड्रम साफ झाला. दुसऱ्याच दिवशी सर गाडी घेऊन नागपूरला जाऊन आले आणि अंगणात उतरता उतरता म्हणाले, "बघ. माझ्या हातात कशी ॲव्हरेज देते." सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "चालवणाऱ्यावर असते बाप्पा." विकायचं नाव कुणी काढलं नाही. इतक्या चांगल्या गाडीला कोण विकतं? किल्ली माझ्या पर्समधून सरांच्या शर्टाच्या खिशात गेली, आणि त्यासाठी भांडणही झालं नाही. मीच केलं नाही. पुन्हा बिघडवशील, एवढं सर म्हणाले आणि मी किल्ली काढून दिली, त्याचा राग मला अजून येतो.

ड्युटीला मी आता बसनं जाते. कधी सर सोडतात, तेव्हा क्लच कसा सोडायचा ते शिकवतात. रविवारी त्यांच्या शिकवण्या असतात, शिक्षकांच्या बैठका असतात, कधी नुसती झोप असते. आई पहिले काही रविवार फोन करायची. "दगड काढून ठेवला हाय पाळीवर. येतं का?" मग तिनं येण्याचं विचारणं सोडलं. नुसतं जेवली का विचारते.

यंदाही पाऊस लांबला. गाडी अंगणात ओलीच उभी, हँडब्रेक ओढलेला. परवा सर पंपावरून चिडून आले. काटा उतरतोय. इथेनॉल, भेसळ, सरकार, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. सासूबाईंनी मान हलवली. माझ्या पायाचं किंवा हाताचं नाव कुणी काढलं नाही.

सर आत गेल्यावर मी गाडीच्या मागे गेले, वाकले आणि मागच्या डाव्या चाकाला उलटा हात लावला. चटका बसला. मागं एकदा खरं निदान केलं तर आईकडचा रविवार गेला माझ्या हातचा. आता पुन्हा कशाला?

"काय पाहून राहिली वो?" सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "चिखल लागला होता." आणि हात पदराला पुसून आत गेले.