नवसागराची घंटी

लढाईच्या दिवसांत नागपुरात टॉर्चचे सेल मिळत नव्हते. मिळाले तरी चोरून, आणि तेही अर्धे मेलेले. म्हणून आईसाठी विजेची घंटी करायची ठरली, तेव्हा वडिलांनी सेल घरीच केले.

आईला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घर गांधीबागेच्या मागे, एकामागे एक अशा तीन खोल्यांचं. तिची खाट शेवटच्या खोलीत. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की ती डाव्या हाताने पेला खाली पाडी. पुढच्या खोलीत तो आवाज पोचत नसे. कधी कुणी जाईपर्यंत चादर ओली झालेली असे. मग ती तोंड भिंतीकडे वळवी आणि चादर बदलून होईपर्यंत तशीच राही.

वडील तारखात्यातून निवृत्त झालेले. कचेरीत असे सेल फळ्यांवर मांडलेले असत. कृती त्यांना पाठ होती. लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या. पंसाऱ्याच्या दुकानातला नवसागर, पाण्यात विरघळवलेला. त्यात एका बाजूला जस्ताची पट्टी. दुसऱ्या बाजूला मेलेल्या सेलमधली कोळशाची कांडी, तिच्याभोवती त्याच सेलची काळी पूड जाड कापडात आवळून बांधलेली. एका बरणीचं जस्त दुसरीच्या कांडीला तांब्याच्या तारेने जोडायचं. सुरुवात करण्याआधी त्यांनी आईचा पानाचा डबा त्या खोलीतून हलवला. नवसागराला चुना लागला की झोंबणारी वाफ निघते, श्वास कोंडतो. बरण्या उघड्या खिडकीत ठेवल्या, हात साबणाने धुतले, मगच ते जेवायला बसले.

घंटी भंगारातली होती. बटण खाटेच्या डाव्या कडेला बसवलं. आईने ते दाबलं आणि पुढच्या खोलीत घंटी खणखणली.

"जन्मभर लोकायच्या तारा घेतल्या भाऊजी, आता बायकोची घ्या," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"हिची तर लग्नापासूनच घेऊन राहिलो," वडील म्हणाले.

आई अर्ध्या ओठाने हसली. तिने पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी सोडलंच नाही. आजारपणानंतर तिचा एवढा मोठा आवाज घरात पहिल्यांदा ऐकू येत होता. हळूहळू घंटी बारीक झाली, किणकिणली, थांबली.

"दाबून धरू नको वं. सेल थकते," वडील म्हणाले. "त्याले आराम पाहिजे. आता नवसागरही मिळून नाही राहिला."

यात चुकीचं काही नव्हतं. सतत दाबलं की कोळशाच्या कांडीवर वायूचा थर धरतो आणि वीज मंदावते. मोकळं सोडलं की परत येते. आईने खिडकीतल्या बरण्यांकडे पाहिलं. दिव्याची वात खाली करून तेल वाचवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

पुढचे काही दिवस घंटी वाजली, दिवसातून एकदाच, तुटक. मग दिवसाआड. मी तेव्हा वर्तमानपत्रात कामाला होतो. संध्याकाळी घरी आल्यावर घंटी वाजली का, असं विचारी. नाही, असं उत्तर मिळालं की बरं वाटे.

"आराम पडून राहिला तिले," काकू म्हणत. वडीलही तसंच समजत. चादर पुन्हा ओली सापडू लागली, तेव्हा हात पोचला नसेल म्हणून त्यांनी बटण आणखी जवळ बसवलं.

एका रविवारी दुपारी वडील तिला ताक द्यायला गेले. मी पुढच्या खोलीत होतो. त्यांनी हाक मारली ती माझ्या नावाने नव्हती, कुणाच्याच नव्हती. आई गेली होती. अंग अजून कोमट होतं. चादर ओली होती, ओठ कोरडे. डावा हात बटणापाशी होता, बोटं मिटलेली.

"काहून नाही दाबलं वं?" वडील म्हणाले. त्यांनी स्वतः बटण दाबलं. सेलना भरपूर आराम मिळाला होता. घंटी पहिल्या दिवशीसारखीच खणखणली.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "आली वं बाई, आली!"

वडिलांनी बोट काढलं नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा घंटी बारीक होत चालली होती.