सोलांजचा प्रबंध

कागदावर पाच नावं होती, तिसरं मृणालिनीचं. हा शोध आमचाच आहे, असं त्याखाली लिहिलेलं.

"सही कर, मग लंचला जाऊ," नरेंद्र म्हणाला. वेस्ट विंडसरजवळच्या त्या कंपनीत तो तिचा बॉस होता. मूळचा मुंबईचा, अमेरिकेत पंधरा वर्षं मुरलेला.

"आमचाच कसा? सोलांजच्या थीसिसचं मी तुम्हाला मार्चमध्येच सांगितलं होतं."

ते २००६ साल होतं. मक्याच्या वाळक्या धाटांपासून इंधन करायच्या मागे सगळे लागले होते, आणि धाटांमधली साखर मोकळी करणाऱ्या एका एन्झाइमवर कंपनीला पेटंट हवं होतं. ते एन्झाइम मृणालिनीने सहा वर्षांपूर्वीच पाहिलं होतं, फ्रान्समध्ये.

नागपूरहून ती पीएचडीसाठी क्लेरमाँ-फेराँला गेली होती. काळ्या दगडाच्या त्या शहरातलं विद्यापीठ सरकारी. तिथल्या लॅबमध्ये शेजारच्या बाकावर सोलांज असे. कुजणाऱ्या पाल्यातले जिवाणू वाढवत तिने सहा वर्षं काढली, एन्झाइम शोधलं, प्रबंध लिहिला आणि तरीही सालोसाल टेंपररीच राहिली. पेटंट का घेतलं नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "लोकांच्या पैशाने केलंय. लोकांना वाचू दे."

नरेंद्र खुर्चीत मागे रेलला. "अगं, फ्रेंचमध्ये आहे ते. कुठल्या तरी आडगावच्या लायब्ररीत धूळ खातंय. कोण वाचणार?"

"मी वाचलंय."

"तुझं ग्रीन कार्ड कंपनी करतेय. जरा प्रॅक्टिकल हो, यार."

 त्याने धमकी दिली, याहीपेक्षा 'आडगाव' हा शब्द तिला जास्त झोंबला. पाच वर्षं ज्यांनी तिला शिकवलं, पगार दिला, तिची मोडकी फ्रेंच न हसता ऐकून घेतली, ती माणसं याच्या लेखी धूळ! उचलायची आणि वर आपलं नाव चिकटवायचं.

तिने कागद तसाच परत सरकवला. जागेवर जाऊन प्रबंधातल्या अठरा पानांचं इंग्रजी भाषांतर केलं. चार दिवस लागले. मग ते कंपनीच्या पेटंट वकिलाला ईमेल केलं आणि नरेंद्रलाही कॉपी पाठवली. आधीच प्रसिद्ध झालेल्या शोधावर पेटंट मिळत नाही, आणि वकिलाच्या नजरेस एकदा ते आलं म्हणजे पेटंट ऑफिसपासून लपवणं त्याला कायद्याने शक्य नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

नरेंद्र तिच्या क्यूबिकलपाशी आला तो दात आवळूनच. "काय मिळवलंस?"

"तुम्ही काय चोरलंत ते आधी सांगा," ती म्हणाली, तेही मराठीत, चांगलं मोठ्याने.

तीन आठवड्यांनी 'रिस्ट्रक्चरिंग' झालं. त्यात एकच माणूस गेलं. नवरा विनय एका बँकेत सॉफ्टवेअरमध्ये होता म्हणून देश सोडावा लागला नाही, पण त्याच्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. डॉक्टरेट घेतलेली बाई दोन वर्षं घरी बसली. "जाऊ दे ना आता," असं विनय म्हणाला की ती भांडी आपटायची.

सोलांजला तिने सगळं कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: थँक्यू, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट यंदा संपलं, मी शाळेत शिकवते. ते वाचून मृणालिनी रडली नाही. तिने कीबोर्ड भिंतीवर फेकला.

कंपनीला शेवटी पेटंट मिळालं, पण अगदी तुटपुंजं, फक्त एका मिश्रणापुरतं. नरेंद्रला मात्र बढती मिळाली.

२००८च्या उन्हाळ्यात विनयच्या ग्रीन कार्डच्या अर्जावर तिला कामाची परवानगी आली. कम्युनिटी कॉलेजातल्या इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी विचारलं, "ही दोन वर्षं रिकामी का?" घरगुती कारण सांग, असं विनयने बजावलं होतं. तिने काही एक न गाळता सगळं सांगितलं, आवाज चढला तरी थांबली नाही. समोरच्या बाईने पेन खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

सप्टेंबरपासून ती तिथे केमिस्ट्री शिकवू लागली. राग तसाच होता. तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.