मास्तरांच्या बेटावरची भेंडी

कप खाली ठेवा आधी! चहा अंगावर सांडला, तं मले बोलू नका. आता जे सांगतो, त्यात माह्या अकलेचं पार दिवाळं निघालं होतं.

मी दर्यापूरचा माळी. बापजाद्यापासून भाजीपाला. भेंडी कवळी का जून, डोळे झाकून सांगीन. अन् मले फसवलं कोनं? भेंडीनंच!

वऱ्हाड तवा मध्यप्रांतात होता. आमच्या गावच्या शाळेत मुंबई इलाख्यातले एक मास्तर आले, अलिबागेकडच्या कोन्या बेटावरचे. दर सोमवारी माह्याच दुकानातून भाजी नेत. एक दिवस घाम पुसत म्हनाले, "काय हे ऊन! आमच्या बेटावर नारळ, केवडा, उंडी... आणि दारात भेंडी. भेंडीच्या सावलीत दुपार कशी जाते, कळत नाही. तिला झोपाळा बांधलाय."

माह्या हातातला तराजू थांबला. "भेंडीले झोका? तुटत नाही?"

"छे! आजोबांनी लावलेली आहे."

आजोबाची भेंडी! आमची बिचारी चार महिन्यांत मान टाकते!

मी हातच जोडले. "मास्तर, सुट्टीत घरी जाल, तं मले तिचं बियानं आना."

त्यांनी पुडीभर आनलं. मी इहिरीजवळची चांगली वांगी उपटली अन् ते लावलं. रोपं वर आली, तशी बायको म्हने, "अवो, हे तं पिंपळावानी दिसते!"

"तुले काय समजते? झोक्याची भेंडी आहे! पान लहान कसं राहीन?"

तीन वर्षं पानी घातलं, बाप्पा! तीन वर्षं! मास्तर इचारत, "काय, भेंडी कशी आहे?" मी म्हनो, "वाढून राहिली!" दोघंबी खूश.

झाडं माह्या डोक्यावर गेली. मी शिडी बनवली! बाजारभर सांगत फिरलो, "आमची भेंडी शिडीनं तोडा लागन." अन् मंग फूल आलं. पिवळं, हुबेहूब भेंडीचं! मी वावरात एकटाच नाचलो.

तेवढ्यात तेल्हाऱ्याचे पाहुने पोरीले पाहाले येनार, असं ठरलं. घर चांगलं, पोरगा चांगला. मी निरोप धाडला, "जेवाले बेटावरची भेंडी!" मास्तरांलेबी बोलावलं.

फळं निघाली गोल, चपटी अन् दगडावानी. इळी घसरून राहिली. सकाळपासून चुलीवर रटरट चालू. बायकोनं कपाळावर हात मारला. "अवो, शिजतच नाही!"

"झोका पेलनारी भेंडी, वेळ तं लागनच!"

पंगत बसली. होनाऱ्या व्याह्यानं घास घेतला.

कट्ट!

सारी पंगत थांबली. पाहुन्यानं तोंडातून आधी भेंडी काढली, मंग दात.

दाराआड पोरगी पांढरी पडली. मास्तर ताटात पाहून उभेच राहिले.

"अहो, हे काय शिजवलंत? ही भेंडी वेगळी, झाड आहे ते, सावलीला लावतात! हिच्या लाकडाच्या होड्या करतात!"

"अन् भाजी?"

"भाजीची भेंडी तुमच्याकडूनच नेतो की, दर सोमवारी!"

मी व्याह्याचे पाय धराले वाकलो. पाहतो, तं मानूस दात मुठीत धरून गदागदा हसून राहिला! डोळ्यांतून पानी, पोट धरलेलं. कसंबसं पठ्ठ्यानं मले उठवलं अन् म्हनाला,

"पोरगी पसंत आहे आमाले. पन लग्नाची भाजी आनाले एखादा माळी पाहून ठेवा, बाप्पा!"