चिमणीच्या दातांनी
गोळ्यांच्या डबीचं झाकण उघडलं की कडवट वास येतो आणि मला आमच्या किन्हवलीच्या घराची ओटी आठवते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आई मला रोज एक गोळी द्यायची, ‘ताकदीची आहे’ म्हणायची; धाकट्या बहिणीला मात्र कधीच नाही. एरवी काकडीसुद्धा दोघींना अर्धी अर्धी मिळायची. म्हणून एकदा मी गोळी फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडली आणि अर्धी तिच्या तोंडात घातली. तांदूळ पाखडणारी आई सूप टाकून धावली आणि बहिणीच्या तोंडात बोट घालून तिने तो तुकडा काढला. मी घाबरून म्हटलं, “उष्टी नाय गो आई, चिमणीच्या दातांनी तोडली.” “तिला नाय लागत ती गोळी,” आई म्हणाली आणि मलाच पोटाशी धरून रडायला लागली. मी मार खायच्या तयारीत होते, मला त्या रडण्याचा अर्थच लागेना. मला एचआयव्ही आईच्या पोटातूनच आला आणि बहिणीच्या वेळी आईचे उपचार सुरू होते म्हणून ती सुटली, हे आता कळतं. पण आई तेव्हा ती सुटली म्हणून रडली की मी सुटले नाही म्हणून, ते अजून कळलेलं नाही.