ओल्या हाताची मूठ

आपण एखादी वस्तू विकत घेताना काय करतो? उलटीसुलटी करून बघतो, बोटाने टिचकी मारतो. आमच्या कट्टा गावचे मेस्त्री तसं करू द्यायचे नाहीत. लेथवर कातलेली लाकडी वस्तू हातात देण्याआधी ते तांब्यातलं पाणी तुमच्या तळहातावर ओतायचे. "सुक्या हातान सगळाच बरा लागता. ओल्या हातान धर!" लग्नाला निघालेल्या माणसाचीही यातून सुटका नसे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख बाबांच्या काठीमुळे झाली. मुंबईच्या आत्येभावाने दिलेली चकचकीत काठी विहिरीपाशी बाबांच्या ओल्या हातातून सटकली आणि बाबा पडले. हाड जुळलं, पण मन जुळेना. काजूच्या बागेत रोज जाणारा माणूस अंगणाची पायरी उतरेना. "आता माजा खळा बरा आणि मी बरो," म्हणाले. मला रडू यायचं.

मेस्त्र्यांनी माझ्याकडून सगळं ऐकलं आणि फणसाच्या लाकडाच्या एकसारख्या मुठी कातल्या. काहींना लाख, काहींना बाजारचं पॉलिश, काहींना उंडीच्या बियांचं तेल. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत काठी मिळेल. कसली मिळते! थोड्या मुठी शिरोड्याला त्यांच्या बहिणीच्या परसात खाऱ्या वाऱ्यावर टांगल्या गेल्या, थोड्या आंबोलीला एका भजीवाल्याच्या छपराबाहेर पावसात. एसटीचा कंडक्टर पिशवी घेताना म्हणायचा, "मेस्त्र्यांनू, आता मुठींचा तिकीट काढूक व्हया."

पावसाळा सरेना आणि काठी येईना. बाबा वैतागले. "माका काठी होयी, सून नको! इतकी चवकशी कित्याक?" तरी त्या रागात जरा जीव होता, याचा मला आनंद झाला.

मुठी परत आल्या. शिरोड्याच्या वाऱ्याने पॉलिशचे पापुद्रे सुटले होते, आंबोलीच्या पावसाने लाख पांढुरकी पडली होती. तेलाची मूठ तेवढी धड होती, पण अगदीच निस्तेज. माझा चेहरा पडलेला मेस्त्र्यांनी पाहिला.

"तेल पण उडतलाच," ते म्हणाले. "पण पॉलिश गेला तर माका सोधत येशीत. तेल गेला तर फडको घे आणि लाव. मी काय जलमभर पुरतलंय?"

मग ते स्वतः तेलाच्या मुठीची काठी घेऊन घरी आले. बाबांच्या हातावर पाणी ओतलं. बाबांनी मूठ धरली, सोडली, परत धरली. बाबा पायरी उतरले आणि बागेच्या वाटेला लागले. मेस्त्री मागोमाग गेले नाहीत. त्यांनी माझ्याकडे चहा मागितला.

तेव्हापासून दसऱ्याला त्यांच्या दुकानात आम्हीही जाऊ लागलो. त्या दिवशी लेथला गोंड्याच्या फुलांची माळ असायची आणि गावभरच्या कातीव वस्तू माहेरपणाला यायच्या. लाटणी, रव्या, पाळण्यांचे दांडे, काठ्या. पूजा झाली की ज्याने त्याने आपल्या वस्तूला आपल्या हाताने तेल चोळायचं. मेस्त्री नुसते फिरायचे आणि चोळणाऱ्याला ओरडायचे, "कुरवाळतंस काय? रगड!" असा हट्टी आणि इतका मायेचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदाच्या पावसात मेस्त्री गेले.

दसऱ्याला सकाळीच बाबा काठी घेऊन तयार होते. मी म्हटलं, दुकान बंद आहे. "ठावक आसा," म्हणाले आणि चालू लागले.

दुकानाच्या पायरीवर माणसं आधीच बसली होती. कुणाच्या मांडीवर लाटणं, कुणाच्या रवी. मेस्त्र्यांच्या बायकोने तेलाचा डबा आणि फडकी बाहेर आणून ठेवली होती. सगळे खाली मान घालून रगडत होते. बाबाही बसले.

झाल्यावर त्यांनी तिच्याकडे तांब्या मागितला. तळहातावर पाणी ओतलं, मूठ आवळली आणि बंद दाराकडे बघून म्हणाले,

"मेस्त्र्यांनू, घट्ट आसा."